कुकीवरचे रंग आणि डोंबिवलीची हवा

डोंबिवलीत रंग म्हटलं की आधी एमआयडीसी डोळ्यांसमोर येते. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना पाहणीला यावं लागलं. माझे सासरे त्याच पट्ट्यातल्या कापडी रंगांच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. त्यामुळे मी घरच्या ओट्यावर बिस्किटांवर रंगीत आयसिंगची नक्षी काढायला लागले, तेव्हा शेजारपाजारच्या बायकांचा पहिला प्रश्न चवीबद्दल नसायचा. "रंग खायचेच आहेत ना गं?" असं त्या विचारायच्या. प्रश्न रास्त होता. आजही कोणी विचारलं तर मी रंगाची बाटली आणून त्यावरचा परवाना क्रमांक दाखवते.

या कामात माझी आता बरीच वर्षं गेली. टाळेबंदीत कल्याण-डोंबिवलीत घरोघरी ओव्हन आले आणि एकेका गल्लीत दोन-तीन केकवाल्या झाल्या. मी त्याच्या थोडं आधीपासून करत होते. केक सगळ्याच करतात म्हणून कुकीकडे वळले आणि कुकीवरही पाच-सहा रंगांचं बारीक काम करायचं ठरवलं. बघणाऱ्याला हे हाताचं काम वाटतं. हात वर्षभरात बसतो. बाकीची वर्षं हवा ओळखण्यात जातात.

आमच्या लहानपणी घरची बिस्किटं म्हणजे नानकटाई. दिवाळीच्या आधी आई मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत जायची, तिथेच बाकड्यावर पीठ मळायचं, गोळे करून पत्र्यावर मांडायचे आणि भट्टीत आपल्या पत्र्याचा नंबर लागेपर्यंत थांबायचं. नानकटाई फुगते, वरून तडकते, आणि ते तडे हीच तिची शोभा. आयसिंगच्या कुकीला नेमकं उलटं लागतं. ती पाटीसारखी सपाट हवी, कडा धारदार हव्यात. म्हणून यात बेकिंग पावडर नाही, तुपाऐवजी लोणी, आणि कापलेले आकार भाजण्याआधी फ्रीजमध्ये कडक करून घ्यायचे. भाजल्यावर लगेच रंगवायला घ्यायची नाही. एक रात्र ती तशीच ठेवायची, म्हणजे आतली वाफ निघून जाते. ही रात्र वाचवायला जाल तर पांढऱ्या आयसिंगवर दोन दिवसांनी तेलकट डाग उमटतात. लोण्यातलं तेल वर चढतं. एप्रिल-मे महिन्यांत तर रात्रभर ठेवूनही कधीकधी चढतं.

वरचं आयसिंग म्हणजे रॉयल आयसिंग. मूळ कृती आयसिंग शुगर आणि अंड्याचा पांढरा बलक. त्याऐवजी मेरिंग पावडर वापरली तर अर्धा किलो आयसिंग शुगरला साधारण तीन टेबलस्पून पावडर आणि सहा टेबलस्पून पाणी. पण मेरिंग पावडरही अंड्याचीच असते, आणि ठाण्यात काय, डोंबिवलीत काय, निम्म्या ऑर्डरी बिनअंड्याच्या. जैन आणि गुजराती घरं, आपल्याकडचे संकष्टी-एकादशीवाले, शाळांमधली वाढदिवसाची खाऊची पाकिटं. मग काबुली चणे शिजवून उरलेलं पाणी आटवून, थंड करून त्यात साखर फेटायची. चण्याच्या पाण्यातली प्रथिनं अंड्यासारखाच फेस धरतात. वास मात्र राहतो, तो लिंबाच्या रसाने मारावा लागतो. आता बिनअंड्याची तयार पावडर सहज मिळते, पण ती मिळेपर्यंतचा काळ मी चण्याच्या पाण्यावर काढला. पुण्यात काम करणाऱ्या प्राची धबल देब यांनी बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगमधून मिलानच्या कॅथेड्रलवर बेतलेली १०० किलोंची रचना केली, त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. ब्रिटनच्या राजघराण्यासाठी केक सजवणाऱ्या एडी स्पेन्स यांच्याकडे त्या शिकल्या आहेत. ती बातमी वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं. बिनअंड्याचं म्हणजे कामचलाऊ, हा समज त्यांनी एका कामात पुसून टाकला.

हाताबद्दल थोडंच सांगते. ज्या मुलीला मेंदीचा कोन धरता येतो तिला आयसिंगचा कोन शिकवावा लागत नाही. दाब अंगठ्याने द्यायचा, टोक पृष्ठभागाला लावायचं नाही, रेघ हवेतून खाली सोडायची आणि थांबायच्या आधी दाब सोडायचा. माझ्याकडे शिकायला आलेल्यांमध्ये सर्वांत लवकर तयार झालेली मुलगी कल्याणला लग्नाच्या मेंद्या काढायची. रांगोळी काढणाऱ्यांना मात्र एक गोष्ट विसरावी लागते. गुढीपाडव्याला डोंबिवलीच्या फडके रोडवर संस्कार भारतीच्या रांगोळ्या पाहा, तिथे आधी रंगाचा गालिचा पसरतात आणि पांढऱ्या रेघा शेवटी वरून सोडतात. कुकीवर आधी घट्ट आयसिंगची रेघ मारून बांध घालायचा, मग त्यात पातळ आयसिंग सोडायचं. पातळ किती, याची आमची परीक्षा सोपी आहे: वाडग्यातल्या आयसिंगमध्ये सुरीने रेघ मारा आणि आकडे मोजा. दहा ते पंधरा आकड्यांत रेघ बुजली पाहिजे. लवकर बुजली तर आयसिंग बांध ओलांडून वाहतं, उशिरा बुजली तर वर सुरकुत्या राहतात.

आता हवेकडे येते. काही वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका शाळेने १५ ऑगस्टसाठी तिरंग्याच्या कुकी सांगितल्या होत्या. त्यांना अशोकचक्रासह झेंडा हवा होता. तिरंग्याचा, अशोकचक्र असलेला केक कापणं हा ध्वजाचा अपमान ठरत नाही, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेला आहे. तरीही चक्राचा दातांनी तुकडा पाडायचा हे मला पटत नाही. मी फक्त तीन पट्टे काढते, तसं मी शाळेतल्या बाईंना सांगितलं आणि त्यांनी मानलं. रात्री पट्टे भरले तेव्हा कडा अगदी स्वच्छ होत्या. मध्यरात्रीनंतर पाऊस वाढला, वीज गेली, पंखा थांबला. सकाळी पाहते तर पांढऱ्या पट्ट्यात वरून केशरी उतरलेला, खालून हिरवा चढलेला. कुठे बोटभर, कुठे केसाएवढा. झेंडा मुलांच्या हातात द्यायचा होता, आणि तो डागाळलेला.

मी सकाळीच शाळेला फोन केला. बाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येक बिस्किटावर तीन रंग कशाला काढता? काही केशरी करा, काही पांढरी, काही हिरवी. खोक्यात तीन ओळी लावा." एक दिवस हातात होता. तेवढ्यात एकरंगी कुकी झाल्या. खोकं उघडलं की झेंडाच दिसत होता आणि पांढरा पांढराच होता. तेव्हापासून पावसाळ्यातली कुठलीही मोठी ऑर्डर मी अशीच बांधते. रंग कुकीवर एकत्र आणायचे नाहीत, खोक्यात एकत्र आणायचे. एका बारशाला पाळणा पिवळा, बाळाचे मोजे निळे, चंद्र पांढरा अशी एकेक रंगाची कुकी केली होती. ताटात ती मांडणी सात रंगांची वाटत होती.

रंग का चालतो, हे मला सासऱ्यांनी समजावलं. कापड रंगवताना रंग सुताला धरेल अशी रसायनं वापरतात, रंग पक्का करतात, धुऊनही तो जात नाही. खायचा रंग पाण्यात विरघळतो, पण साखरेशी त्याचं काही नातं जुळत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे तो जातो. आणि साखर हवेतलं पाणी ओढून घेणारी. म्हणजे वाळलेली कुकीसुद्धा दमट हवेत पुन्हा ओली होते आणि थांबलेला रंग पुन्हा चालू लागतो. पांढरा रंग वेगळा. तो टिटॅनियम डायऑक्साइडचा, पाण्यात न विरघळणारा, त्यामुळे आपली जागा सोडत नाही. म्हणून पांढऱ्याशेजारी येणाऱ्या प्रत्येक रंगात मी थोडा पांढरा मिसळते. रंग किंचित फिका होतो, पण पळत नाही. गडद रंगांना उपाय एकच, ते आदल्या दिवशी फिके कालवून झाकून ठेवायचे. लाल आणि काळा रात्रीतून आपोआप दोन छटा गडद होतात. मग बाटलीतला रंग कमी लागतो, जिभेला कडवट लागत नाही आणि कुकी लवकर वाळते.

हवेची खरी शिकवणी मात्र मला ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका काकूंकडे मिळाली. त्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने करायच्या. लेकीचं बोरन्हाण होतं म्हणून मी दागिने आणायला गेले होते आणि त्यांच्या शेगडीपुढे बसून राहिले. मंद आच, परातीत खसखस, चमच्या-चमच्याने एकतारी पाक, आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचं. काटा येतो तो पहाटेच्या कोरड्या थंडीत. आभाळ आलं की काकू शेगडी बंद करायच्या. एकदा सून म्हणाली, ऑर्डर आहे, करून टाका. काकूंनी तिला सांगितलं, "ढगाळ हवेत साखर ऐकत नाही. उद्या बघू." साखरेच्या कामाला दिवस निवडावा लागतो, आणि तो निवडण्यासाठी ऑर्डर थांबवायचा अधिकार आपल्याकडे असतो, हे मी त्या घरात शिकले. ठाणे-डोंबिवलीतल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं हलव्याचा मुकुट आणि नारळ, वधूचे हार करत आल्या आहेत. आयसिंगच्या परदेशी पुस्तकांतून मला जे कळलं नाही ते त्यांच्याकडे आधीपासून होतं.

मग मी खोलीत हवेतला ओलावा दाखवणारं छोटं यंत्र लावलं. जुलैत खिडकी उघडी असली तर आकडा ८० च्या वर असतो. वातानुकूलन यंत्राच्या ड्राय मोडवर तासाभरात तो ५५ पर्यंत उतरतो. तेवढा उतरला की मी कोन हातात घेते, आधी नाही. फ्रीजमध्ये वाळवायचा सल्ला अनेकजणी देतात, तो मानू नका. बाहेर काढल्याबरोबर कुकीला घाम सुटतो आणि सगळे रंग एकमेकांत मिसळतात.

एक कुकी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते, म्हणजे अनेक रंगांचं काम किती वेळ खातं ते कळेल. पाडव्याची शोभायात्रा डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केली आणि तिथून ती गावोगाव गेली. त्या दिवशी गुढीच्या कुकींना मोठी मागणी असते. गुढीला तपकिरी काठी, हिरवा खण, त्याला लाल काठ, तांब्याला करडा, कडुनिंबाला गडद हिरवा, गाठीला पांढरा. सहा रंग झाले. प्रत्येक रंग रेघेसाठी घट्ट आणि भरायला पातळ, असे बारा कोन. आधी खण घ्यायचा. त्याच्या निऱ्या पाडायच्या तर सगळा भाग एकदम भरून चालत नाही, नुसतं हिरवं पान दिसतं. पहिली, तिसरी, पाचवी निरी भरायची आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवायची. वर पातळ पापुद्रा धरला की दुसरी आणि चौथी. मग प्रत्येक निरी वेगळी फुगलेली दिसते, बोट फिरवलं तर हाताला लागते. लाल काठ दोन तऱ्हांनी येतो. हिरवा ओला असतानाच त्यावर लाल रेघ सोडली तर ती आत बसून सपाट होते, विणलेल्या काठासारखी. हिरवा पूर्ण वाळल्यावर काढली तर शिवलेल्या फितीसारखी वर राहते. मला पहिली आवडते. पण लाल आणि हिरवा दोन्ही पळणारे, म्हणून ओल्यावर ओलं हे काम फक्त कोरड्या दिवशी. तांब्या आणि काठी दुपारी. कडुनिंबाची पानं एकेक दाबून ओढायची, बारीक टोकं टूथपिकने काढायची. बुडबुडे दिसले तर तेही टूथपिकने तेव्हाच फोडायचे, नाहीतर वाळल्यावर खड्डे पडतात. मग एक अख्खी रात्र उघड्यावर. पांढरी गाठी सगळ्यांत शेवटी, दुसऱ्या दिवशी, एकेक बत्तासा टिपक्यासारखा. पहिल्याच दिवशी काढलेली गाठी पाडव्यापर्यंत हिरवी होऊन बसते.

तळहातावर मावणारी ही एक कुकी. घरगुती बेकिंगमध्ये दर नगावर सांगायची पद्धत आहे, आणि नगाला ग्राहक काय देतात ते बाजार ठरवतो. घोडबंदर रोडवरच्या एका संकुलातल्या ताई डोहाळजेवणाच्या कुकी न्यायला घरी आल्या होत्या. त्या कंपनीत प्रकल्पांचे अंदाज काढायचं काम करत. ट्रे पाहून त्यांनी विचारलं, यात वाळायचे तास किती? मी सांगत गेले, त्यांनी मोबाइलवर गुणाकार केला आणि माझ्यासमोर धरला. मला तासाला घरकामाच्या मावशींपेक्षा कमी पडत होते. ताई म्हणाल्या, "तुम्ही बिस्किटं विकत नाही, वेळ विकता. तो मोजा." मग मी दर रंगांवर लावला. एक रंग, तीन रंगांपर्यंत आणि त्यापुढे, असे तीन दर. काही ग्राहक गेले. जे राहिले ते आता फोनवरच विचारतात, "चौथा रंग नसला तर चालेल का?" आणि बहुतेक वेळा चालतं. तीन रंगांत नीट दिसत नाही असं चित्र मला क्वचितच भेटलं आहे. गणपती तर शेंदरी, पांढरा आणि एक सोनेरी रेघ एवढ्यातच सर्वांत देखणा होतो.

पोचवणं हा वेगळाच भाग आहे. मी ठाण्याचे खोके दुपारच्या धीम्या गाडीने नेते. सकाळच्या जलद गाडीत डोंबिवलीला माणसालाच शिरता येत नाही, तिथे आयसिंगच्या नाजूक पाकळ्यांची काय कथा. दुपारी लेडीज डब्यात बसायला मिळतं, खोकं मांडीवर आडवं धरता येतं. बायका आपणहून सरकून जागा देतात आणि आत काय आहे विचारतात. माझे निम्मे ग्राहक मला त्या डब्यात मिळाले. ठाणे स्थानकापासून पुढे रिक्षा. खड्ड्यांनी कुकी एकमेकांवर आपटतात, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र पाकीट, आणि खोक्यात ओल शोषणारी पुडी. आयसिंग वरून दगडासारखं कडक असलं तरी उभ्या धक्क्याने कडेला चिरतं.

काही कामं मी घेत नाही. पूर्ण काळी कुकी घेत नाही, कारण तेवढा काळा यायला जो रंग ओतावा लागतो तो मुलांच्या पोटात जाऊ नये असं मला वाटतं. भारतात खाण्यासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि त्यांच्या प्रमाणालाही मर्यादा आहे. गाड्यांवरच्या खाऊत सापडणारा ऱ्होडामाइन-बी त्यांत नाही. तो कापडाचा रंग. ज्या गावात दोन्ही जातींचे रंग हाताच्या अंतरावर आहेत तिथे ही खबरदारी ज्याची त्याने घ्यायलाच हवी. मोकळ्या पुडीतला, नाव नसलेला रंग कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नये. फिकट गुलाबी आणि जांभळा मी खिडकीजवळ ठेवत नाही, उजेडाने ते दोन-तीन दिवसांत उडतात.

शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी कोन देत नाही. कागदावर चित्र काढून देते आणि विचारते, यातला कुठला रंग आधी, कुठला शेवटी, कोण कोणाच्या शेजारी, मध्ये किती थांबणार? हे लिहिता आलं की निम्मं काम झालं. घाईच्या मुली या टप्प्यावर कंटाळतात. ज्या टिकतात त्या चांगलं कमावतात. आज माझ्याकडे शिकलेल्या बायका बदलापूरपासून मुलुंडपर्यंत ऑर्डरी घेतात, आणि एखादीचा ट्रे पावसाने बिघडला तर बाकीच्या रात्रीतून तिचे नग भरून देतात.

नव्याने सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन की अन्न नोंदणी आधी करून घ्या. मी केली तेव्हा छोट्या घरगुती धंद्याला वर्षाला १०० रुपये पडत होते. पाकिटावर हिरवा ठिपका लावणार असाल तर मेरिंग पावडर घरात वेगळ्या डब्यात ठेवा, चमचेही वेगळे. आणि ज्यांना कुकी मागवायच्या आहेत त्यांना विनंती, जून ते सप्टेंबरमध्ये किमान दहा दिवस आधी सांगा, पांढऱ्याला लागून लाल मागू नका, आणि खोकं घरी आल्यावर फ्रीजमध्ये ठेवू नका. झाकण लावून कपाटात ठेवा, महिनाभर रंग जागचे हलणार नाहीत.